दुखणं बाबांचं, रिपोर्ट आईचा

आमच्या घरातून डॉक्टरकडे एकच माणूस जायचा आणि दुखणी सगळ्यांची घेऊन जायचा. यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. बाजारात निघालेल्यानं शेजारणीचीही कोथिंबीर आणावी, तितकं ते साधं होतं. एकाला बरं नाहीसं झालं की आई घरभर फिरून विचारायची, "पोरगी दवाखान्यात जाऊन राहिली, कोनाचं काही सांगाचं आहे का?" मग कोणी कंबर सांगायचं, कोणी आंबट ढेकर, आत्या मुक्कामाला असली तर तिची चक्कर. फी एकदाच द्यायची. ती एकाच दुखण्यावर घालवणं आईला उधळपट्टी वाटायची.

नेणारी बहुतेक मीच. माझा घसा कायम सुजलेला, त्यामुळे दवाखान्यात जायला मी केव्हाही हक्काची. तिसरी-चौथीत असताना मी डॉक्टरांपुढे उभी राहून पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणत असे. "घसा दुखते. गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. आणि मूळव्याधीची आग होते."

हे आमचे अकोल्याच्या जुन्या शहरातले डॉक्टर. चष्मा कपाळावर, पंखा फक्त त्यांच्या खुर्चीवर. ते न हसता विचारायचे, "घसा तुह्या. गुडघे मायचे. मूळव्याध कोनाची व?"

"मोठ्या काकांची."

"बरं. त्याले म्हना, तिखट कमी खाय."

मग कंपाउंडर तीन पुड्या बांधायचा आणि तिन्हीवर वेगवेगळ्या खुणा करायचा. आमची ही सगळी व्यवस्था चालली ती या एका माणसाच्या भरवशावर, कारण कोणतं दुखणं कोणाचं हे निवडून घ्यायला तो तिथं बसलेला होता. हे आमच्या मात्र कधी डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटायचं, डॉक्टरी अशीच असते. दुखणं पोचवायचं, औषध आणायचं. माणूस कोणता गेला याला काय महत्त्व?

बाकीचा कारभारही याच चालीचा. कमरेचा पट्टा घरात एकच. ज्याला त्या दिवशी जास्त वाकायचं असेल त्यानं तो बांधायचा. सकाळी भांड्यांच्या वेळी आई, दुपारी बाबा, आणि पाहुणे यायचे असले की तो दोरीवर वाळत. शेकायच्या रबरी पिशवीला बाबांनी सायकलचं पंक्चर लावून दिलं होतं, त्यामुळे शेकून घेणारा अर्धा भिजून उठायचा. मोठ्या गोळ्या अडकित्त्यानं अर्ध्या करायच्या. बाथरूमच्या खिडकीची काच फुटली तेव्हा तिथं आईच्या गुडघ्याचा एक्सरे लावला, तो अजून आहे. नवीन माणूस बाथरूमला जाऊन आला की थोडा वेळ आईच्या पायांकडे बघत बसतो.

या घरात बाबांचं दुखणं मात्र कधी कोणी नेलं नाही, कारण त्यांनी ते कधी सांगितलंच नाही. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. एकदा बोट मशीनमध्ये चेंगरलं, तर घरी येऊन डाव्या हातानं जेवायला बसले. आईनं विचारलं, असे काहून जेवून राहिले? तर म्हणाले, "उजवा धुतला नाही." आईनं तो हात ओढून पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. बाबांना त्या बोटापेक्षा तिच्या ओरडण्याचा जास्त त्रास झाला असावा. "मले दुखते" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. फार झालं तर म्हणायचे, गॅस आहे.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले, जुने डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालं. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली आणि त्यांना एसटी फुकट झाली. मग काय विचारता! माणूस घरात सापडेना. काम नसताना चांदूर बाजारला जाऊन मिरच्या आणायचे. मिरच्या अकोल्यातही मिळतात हो, पण तिथं जायला एसटी लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात आईचा फोन आला. आवाज दबका, म्हणजे बाबा शेजारच्या खोलीत असणार.

"तुह्या बाबाले काहीतरी होऊन राहिलं."

"काय होतंय?"

"वाचून राहिले."

मला कळेना. आई सांगू लागली की भाजी घेऊन येताना बाबा मध्येच थांबतात आणि भिंतीवरच्या पाट्या वाचतात. क्लासची पाटी, बोअरवेलची पाटी, कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर. चढ आला की हमखास वाचतात. ज्या माणसानं आयुष्यात पेपर उलगडला तो फक्त कपाटात अंथरायला, तो आता पुलाच्या चढावर उभा राहून शिवणक्लासची पाटी वाचतो. आणि वाचताना कपाळावर घाम, डावा हात उजव्यानं दाबलेला.

मी म्हटलं, "आई, हे हृदयाचं आहे. उद्याच्या उद्या घेऊन ये त्यांना."

"येत नाहीत न माय. काल म्हटलं दवाखान्यात चला, तं म्हने कोनाले झालं काय? मी धड आहो. जास्त बोलली तं उठून परतवाड्याची एसटी धरली."

मी फोनवर बाबांना झापलं, रडून झालं, जावयाकरवी सांगून झालं. उत्तर एकच, गॅस. मला माझा बाप जिवंत हवा होता, एवढंच. पण त्या माणसाला उचलून नेणं म्हणजे चालत्या एसटीला मागून धक्का देण्यासारखं होतं. तेव्हा आईनं तिचा मार्ग काढला.

"असं कर, छातीच्या डॉक्टरकडे माह्या नावानं नंबर लाव. त्याइचं दुखनं मी सांगीन. डॉक्टरनं एकदा बिमारीचं नाव सांगितलं की मंग याइले म्हनता येते, पाहा, हे आहे तुमाले."

आता कोणी म्हणेल, तू शिकली-सवरलेली बाई, तू ऐकून कसं घेतलंस? अहो, मीही त्याच घरातली! मला ती युक्ती बरी वाटली. मूळव्याध नेता येते तर हृदय काहून नाही?

बाबा आनंदानं आले. बायकोला दाखवायला न्यायचंय, स्वतःचं तिकीट फुकट, बायकोचं अर्धं, मूर्तिजापूरला चहा. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्टवर 'बंद आहे' असं चिकटवलेलं. बाबांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि खालच्या बाकावर बसले. "वर काय काम आहे माह्यं? तुमी जा, मी पिशव्या पाहतो." त्या पिशव्यांत एक चादर आणि मिरच्या होत्या.

डॉक्टर तरुण, गंभीर आणि सज्जन. आईनं सुरुवात केली. काय सांगू, दुखणं सांगावं तर माझ्या आईनं! "जी, चढावर इथं असं दाबल्यावानी होते. पाटा ठेवला छातीवर असं. डावा हात भरून येते, घाम फुटते. उभं राहिलं की कमी होते. मंग कोनी पाहू नये म्हनून काहीतरी वाचत बसतो मानूस."

डॉक्टरांचा पेन भराभर चालू लागला. "तंबाखू वगैरे?"

"जेवल्यावर चिमूटभर. पहिले बिडी होती. दिवसाले एक कट्टा, पुरं बंडल. जिनिंग सुटलं तवा सुटली."

डॉक्टरांनी मान वर करून आईकडे पाहिलं. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, हातात माझ्या पोरीसाठी आणलेला लाडवांचा डबा. त्यांनी 'बिडी' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

ईसीजी काढला, तो ठीक आला. डॉक्टर म्हणाले, "लक्षणं बघता मला समाधान नाही. फिरत्या पट्ट्यावर चालवून बघू. गुडघे वगैरे ठीक आहेत ना?"

"गुडघे एकदम फस्क्लास," आई म्हणाली.

मी तिला चिमटा काढला. ती माझ्याच अंगावर आली, "काय व! तुह्या बाबाचे गुडघे चांगलेच तं आहेत." हे ती पुटपुटली, डॉक्टरांना ऐकू गेलं नाही.

मग माझी आई, जी घरात देवाला बसून नमस्कार करू शकत नाही, ती पदर खोचून, अंगभर वायरी लावून त्या फिरत्या पट्ट्यावर चढली. मशीनचा वेग वाढला. पुढून चढही आला. तिनं दांडा घट्ट धरला, दात आवळले आणि चालत राहिली. तिथली मुलगी म्हणत होती, "आजी, त्रास झाला की लगेच सांगा." आई काही बोलेना. तिच्या गुडघ्यांत काय चाललं असेल ते मला बाहेरून दिसत होतं, पण ती बाबांच्या शरीरानं चालत होती आणि त्या शरीराला गुडघेदुखी नव्हती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मशीन बंद झालं तेव्हा आम्ही दोघींनी तिला धरून खाली उतरवलं.

रिपोर्ट आला. डॉक्टर खूश होते. "काही काळजी नाही. आजींचं हृदय एखाद्या तरण्या बाईला लाजवेल असं आहे. हा गॅसचा प्रकार असू शकतो."

बस्स. आईचा चेहरा असा फुलला की काय विचारता. ती कठडा धरून, एकेक पाय टेकवत जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवरूनच ओरडली, "अवो, ऐकलं का! काही नाही निंगालं तुमाले! रिपोर्ट साफ आहे!"

बाबा उभे राहिले. "माह्या रिपोर्ट?"

"मंग! सगळं सांगितलं मी. चढावरचं, हात भरून येन्याचं, बिडीसुद्धा. पट्ट्यावर पळवलं त्यानं. म्हने, गॅस."

आपलं दुखणं परस्पर वर गेलं, तपासलं गेलं आणि खालीही आलं, हे कळल्यावर बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. छे! त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हनत होतो? सारे माह्यावर चढून राहिले होते. गॅस म्हंजे गॅस!"

माझं डोकं फिरलं. भर दवाखान्यात मी ओरडले, "आई, तो रिपोर्ट तुझा आहे! हृदय तुझं तपासलं!"

"हो न," आई शांतपणे म्हणाली, "पन दुखनं तं याइचंच सांगितलं न?"

आता या बाईला काय म्हणावं? मी कपाळावर हात मारून घेतला. तिला कळत नव्हतं असं नाही. महिनाभर ती त्या माणसाचा श्वास मोजत झोपली होती, आणि आता कोणीतरी शिक्का मारून सांगितलं होतं की काही नाही. तो शिक्का कोणाच्या नावावर आहे हे तिला बघायचंच नव्हतं. तेव्हा मला तिचा राग आला, आता येत नाही.

तेवढ्यात बाबांना आठवलं की लाडवांचा डबा वरच राहिला. "थांबा, मी आनतो," असं म्हणून निघालेसुद्धा. रिपोर्ट साफ आलेला माणूस तो, जिन्याला कशाला भिणार? दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. मी "बाबा, बाबा" करत मागे धावेपर्यंत मधल्या वळणावर पोचले होते. तिथं ते थांबले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

भिंतीवर स्तनपानाचे फायदे लिहिलेले होते. बाबा ते वाचत होते. पहिली ओळ, दुसरी ओळ, मान न हलवता. डावा हात उजव्यानं दाबलेला. सदरा पाठीला चिकटत चालला होता.

आईनं खालून ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला, आणि मग तिनं जी हाक मारली ती रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेली असेल. "डॉक्टरसाहेब! धावा हो! ते दुखनं माह्यं नाही, याइचं आहे! म्या नुसतं आनलं होतं!"

वरून सगळेच धावले. डॉक्टर, ती मुलगी, रांगेतले दोन पेशंट. बाबांना पायरीवरच बसवलं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि विचारलं, "काका, काय होतंय?"

"काही नाही. वाचून राहिलो."

"छातीत दुखतंय?"

बाबांनी आईकडे बोट केलं. "हिले विचारा."

आई खालून सांगू लागली, तर डॉक्टर पहिल्यांदा चिडले. "आजी, तुम्ही गप्प बसा! यांना बोलू द्या." जिन्यावर सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत उभे. आणि बाबा गप्प. ओठ पांढरे पडलेले, तरी गप्प. मला वाटलं, हा माणूस माझ्यासमोर मरेल पण तोंड उघडणार नाही.

शेवटी त्यांना उचलून आत नेलं, वायरी लावायला घेतल्या. तेव्हा मात्र बाबा बोलले. "आता कायले काढता जी? आत्ताच तं हिचा काढला. तोच चालत नाही का?"

नाही चालला. बाबांच्या ईसीजीवर नजर पडताच डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. पुढे मोठं हॉस्पिटल, मनगटातून नळी, हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद, त्यात स्टेंट. हे सगळं होताना आई बाहेर बाकावर बसून होती. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झालेले. तिला विचारलं, दुखतंय का? तर म्हणाली, नाही. मी तिच्यावर इतकी ओरडले की सिक्युरिटीवाला येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. बाबा वाचले, वेळेवर आणलं, म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा. पुन्हा छातीत जरासंही दुखलं तर यांनी स्वतः, ताबडतोब सांगितलं पाहिजे. आतलं बाहेरून कोणाला दिसत नाही. हे बोलले नाहीत तर आम्ही काहीच करू शकत नाही." आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती खुर्ची ओढून बाबांच्या उशाशी बसली.

"म्हना, मले दुखते."

"दुखत नाही तं काय म्हनू?"

"सवय म्हनून म्हना."

"फुकट म्हनू?"

"तोंडातून दोन शब्द काढाले पैसे पडतात का तुमाले?"

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. म्हणाले, "पानी दे." आईनं पाणी दिलं आणि पुन्हा सुरू. दिवसभर हेच. ती विनवायची, रागवायची, नातीची शपथ घालायची. शेजारच्या पलंगावरचे चांदूर रेल्वेचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, मी म्हनू का? मले खरंच दुखते." संध्याकाळी आई बाहेर आली तेव्हा तिचा धीर सुटला होता. भिंतीला टेकून म्हणाली, "हे नाही बोलनार. घरी नेईन, अन् एखाद्या दिवशी असेच भिंतीकडे तोंड करून जातील. अन् मी सैपाक करत असीन."

मी तिचा हात धरला.

आत सिस्टर बाबांच्या मनगटावरची घट्ट पट्टी काढायला गेली होती. चांगली चार बोटं रुंद चिकटपट्टी, केसाळ हातावर गोल गुंडाळलेली. सिस्टरला पुढची कामं होती. तिनं एक टोक धरलं आणि फर्रकन ओढली.

"आईऽऽ गं! दुखते न व बाई! मले दुखते!"

अख्खा वॉर्ड दचकला. आई जागच्या जागी खाली बसली, त्या सुजलेल्या गुडघ्यांवर, फरशीवर, आणि ढसाढसा रडू लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. मी तिला उठवायला गेले, तर तिनं माझा हात झटकला. सिस्टर घाबरून बाहेर पळत आली. "आजी, काही नाही झालं हो, आजोबा ठीक आहेत! नुसती पट्टी काढली!"

आईनं पदरानं डोळे पुसले आणि सिस्टरचा हात दोन्ही हातांनी धरला.

"काढ माय," ती म्हणाली, "अजून एखादी राहिली असंन तं तेही काढ."